तूट कोणाच्या पदरात? गोदावरीच्या पाण्याची शंभर वर्षांची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण भांडायच्या आधी पूर्ण वाचा, एवढीच विनंती.)

पाऊस कमी झालेल्या प्रत्येक साली दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. "नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडा" म्हणून मराठवाड्यात आंदोलन. "एक थेंबही देणार नाही" म्हणून कोपरगाव, राहाता, निफाडकडे रास्ता रोको. दोन्हीकडून कोर्टात याचिका. शेवटी पोलिस बंदोबस्तात दारं उघडतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायला लावतात. आणि नदीच्या कोरड्या पात्रात जिरत जिरत जे काही पैठणपर्यंत पोहोचेल ते पोहोचतं.

आधीच सांगून टाकतो, माझं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला. म्हणजे या भांडणात मी 'खालचा'. त्यामुळे मी काय लिहिणार हे तुम्ही ओळखलं असेल. तरी वाचा. कारण या नदीच्या पाण्याचा इतिहास जसजसा वाचत गेलो तसतसं मला वाटायला लागलं की हे भांडण नुसतं वरचे आणि खालचे यांचं नाही. खरा प्रश्न एकच आहे : पाणी कमी पडलं तर कोणाचं कमी करायचं? तूट कोणाच्या पदरात टाकायची? हे ज्यांनी दुष्काळ यायच्या आधी ठरवून ठेवलं, त्यांचं निभावलं. आपण ते दुष्काळ आल्यावर ठरवतो.

सुरुवात गोदावरीपासून करत नाही. आधी शेजारच्या तापी खोऱ्यात जाऊ, कारण तूट वाटून घ्यायचा आपल्याकडचा जुना आणि शेकडो वर्षं चाललेला नियम तिथे सापडतो.

पांझरा, गिरणा, मोसम, आरम. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या या नद्यांवर निदान तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत होती. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे. बंधाऱ्यावरून पाट काढायचा. त्या पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या शिवाराला थळ म्हणत. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तेच फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू-हरभरा असं, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी फिरवायचं काम शेतकऱ्याचं नव्हे, पाटकऱ्याचं. रात्रीची राखण जागल्याची. त्यांच्यावर देखरेख हवालदाराची. आणि सगळ्यांच्या वर गावचे पंच.

आता यातली गंमत बघा. रीत अशी होती की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. त्यामुळे नदीला पाणी कमी आलं की पंच बसायचे आणि सांगायचे, यंदा अमुक फड भिजणार नाही. तो फड कोणा एकाचा नसायचा. त्यात पाटलाचा तुकडा असायचा आणि लहान शेतकऱ्याचाही. तूट सगळ्यांच्या पदरात थोडी थोडी पडायची. "टेलचा शेतकरी" नावाचा कायमचा कमनशिबी प्राणी या पद्धतीत जन्मालाच येत नव्हता.

फड म्हणजे रामराज्य होतं असं मी म्हणत नाही. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, हा दोष त्यात होताच. पुढे वाटण्या होत गेल्या तशी प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात राहिली नाही. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटारी आल्या, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. पण त्यातला नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : आधी पाणी बघायचं, मग पीक ठरवायचं, आणि कमी पडलं तर सगळ्यांचं थोडं कमी करायचं.

आता इंग्रजांकडे येऊ.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर सरकारने दुष्काळी भागात कालवे काढायला घेतले. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला आपली जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणायची. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने (१९०१-०३) अशा कामांना आणखी जोर दिला. गोदावरी खोऱ्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा, १९१६ चं दारणा धरण, १९२६ चं प्रवरेवरचं भंडारदरा ही याच काळातली कामं. हेतू काय होता? बाजरी-ज्वारी जगवायची. पाऊस दगा देईल तेव्हा दोन पाणी द्यायचं, म्हणजे माणसं आणि जनावरं तगतील.

पण अडचण झाली. बरा पाऊस झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घेईना. घेईल कशाला? बाजरीला फुकटचा पाऊस पुरत असताना पाणीपट्टी कोण भरणार? आणि पाऊस गेला की सगळे एकदम दारात. सरकारचा पैसा अडकलेला, कालवे तोट्यात. मग उपाय निघाला तो ब्लॉक पद्धतीचा. हा उपाय काढला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याकडे पांझरेवरच होतं. म्हणजे फडाच्या नदीवर.

ब्लॉकची मूळ कल्पना वाईट नव्हती. कालव्याचं पाणी हेडच्या दोन-चार गावांत मुरण्याऐवजी जास्त गावांत पसरावं, ठरावीक जमिनीचा ब्लॉक पाडावा, त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि बाकी हंगामी पिकं, असा फेर ठेवावा. सरकारने काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, शेतकऱ्याने काही वर्षांसाठी पाणीपट्टीची. कागदावर हे फडासारखंच दिसतं.

फरक एका गोष्टीत होता, आणि तीच महत्त्वाची ठरली. फडात तूट सगळ्यांची होती. ब्लॉकमध्ये ज्याच्याकडे ब्लॉक, त्याला हमी. मग तूट आली की ती जाणार कुठे? ब्लॉकच्या बाहेर. ज्या बाजरीवाल्यासाठी कालवा खणला, तो यादीत शेवटी गेला आणि पाणीपट्टी देणारा ऊस पहिला आला. १९३२ मध्ये साखर धंद्याला आयात करातून संरक्षण मिळालं, तेव्हा तर उसाला सोन्याचा भाव आला. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर कारखाने उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि सामान्य शेतकरी कारखान्याचा मालक झाला. ही गोष्ट मोठीच आहे. त्या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, रस्ते केले. कोणीही ते नाकारू नये. पण दुष्काळाच्या नावाने आलेलं पाणी बारमाही पिकात बांधलं गेलं, हेही तितकंच खरं. आणि जास्त पाण्याने कालव्याकाठच्या चांगल्या चांगल्या जमिनी चिबड झाल्या, ते वेगळंच.

हे सगळं चालू असताना मराठवाडा कुठे होता? निजामाच्या राज्यात. म्हणजे नदी एक, राज्यं दोन. वर इंग्रज धरणं बांधत होते. खाली निजामाने मोठं धरण बांधलं ते मांजरेवर, १९३१ चं निजामसागर, आणि त्याचं पाणी गेलं तेलंगणात. गोदामाई आमच्या अंगणातून वाहत होती आणि आम्ही आडातलं शेंदत होतो.

हैदराबाद राज्यातच गोदावरीवर धरणाचा विचार सुरू झाला होता. जागा होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, जागा बदलून सुमारे शंभर किलोमीटर वर पैठणला गेली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागर. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. शंकरराव चव्हाणांनी या प्रकल्पामागे ताकद लावली, हे आमच्याकडची जुनी पिढी अजून सांगते.

आता एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९७५ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात करार झाला, आणि १९८० मध्ये गोदावरी लवादाने तो आपल्या निवाड्यात घेतला. त्यानुसार पैठणपर्यंतचं गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायचं. सगळं. म्हणजे या तुकड्यात भांडायला दुसरं राज्यच नाही. कृष्णेसारखं कर्नाटक-आंध्रकडे बोट दाखवायची सोय नाही. जे काही आहे ते आपल्या घरातलं आहे. पाटबंधारे खातं एक, मंत्रिमंडळ एक, विधानसभा एक. आणि तरी ते सुटत नाही.

का सुटलं नाही? कारण जायकवाडी ठरत होतं तेव्हा वर किती पाणी अडवायचं याचा हिशोब होता, पण तो पाळायची यंत्रणा नव्हती. गंगापूर, मुळा, करंजवण, वाघाड, मुकणे अशी एकेक धरणं वरच्या अंगाला होत गेली. प्रत्येक धरणामागे खरीखुरी तहान होती, हे मी खालचा असूनही मान्य करतो. निळवंड्याचंच बघा. अकोले, संगमनेर, राहात्याच्या जिरायती गावांसाठीच्या या प्रकल्पाला १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि कालव्यात पाणी आलं २०२३ मध्ये. दोन पिढ्या वाट बघण्यात गेल्या. ते 'वरचे' असूनही तहानलेलेच होते. तेव्हा "वरचे सगळे ऊसवाले" म्हणणं सोपं आहे, खरं नाही.

मग आला २००५ चा कायदा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्याआधी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये सांगून ठेवलं होतं की पाण्याचं नियोजन जिल्ह्यावर करू नका, नदीखोऱ्यावर करा. २००५ च्या कायद्यात एक छोटं पोटकलम आहे, १२(६)(ग). साध्या भाषेत त्याचा अर्थ असा : टंचाई सगळ्यांनी समान सोसावी म्हणून ऑक्टोबरअखेर एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं बघायचं. आणि खरिपात जे वापरलं तेही हिशोबात धरायचं.

वाचताना काही आठवलं? हा फड आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी पांझरेकाठी जे पंच एका थळापुरतं करत होते, ते आपण अख्ख्या खोऱ्यासाठी कायद्यात लिहिलं.

पण लिहून ठेवलं आणि विसरलो. २०१२ चा दुष्काळ आला, नाथसागर मृतसाठ्यात गेला, लोक कोर्टात गेले, तेव्हा कुठे कलम बाहेर निघालं. मग मेंढेगिरी समिती बसली. तिने हिशोब मांडला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे साधारण ५० टीएमसीपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पाणी सोडायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. त्यानुसार २०१५ मध्ये १२.८४, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचे आदेश निघाले. नियम आहे, आकडे आहेत, तारीख आहे. आणि तरी दर वेळी मोर्चा, याचिका, बंदोबस्त. तोवर नोव्हेंबर संपत येतो, नदीचं पात्र सुकतं आणि वाटेत जिरणारं पाणी वाढतं. उशीर जेवढा, नुकसान तेवढं. ते वरच्यांचंही होतं आणि खालच्यांचंही.

इथपर्यंत आमच्याकडचे लोक टाळ्या वाजवतील. आता आमच्याबद्दल बोलतो.

वरून भांडून आणलेलं पाणी आमच्याकडे कुठे जातं? जायकवाडीच्या कालव्यावर हेडला ऊस उभा आहे. कारखाने आमच्याकडेही झाले. आवर्तन सुटतं तेव्हा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये मोटारी आणि पाइप कालव्यात पडलेले असतात. टेलच्या चाऱ्यांत काही ठिकाणी बाभळी वाढल्यात. कोपरगावच्या शेतकऱ्याला "तू आमचं पाणी अडवतोस" म्हणणारा आमचा हेडचा शेतकरी आमच्या टेलच्या शेतकऱ्याचं तेच करतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तो दुष्काळ खरा होता. पण ज्या मांजरा खोऱ्यात प्यायला पाणी उरलं नाही, त्याच खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने होते, हेही खरं होतं. वरच्यांनी पाणी अडवलं हे सांगायला आपण धीट, आणि आपल्या शिवारात कोण अडवतो हे सांगायला भिडस्त.

म्हणजे २००५ च्या कायद्याने तूट धरणा-धरणांत वाटली. शेता-शेतांत ती वाटलीच गेली नाही. अर्धाच फड झाला.

उरलेला अर्धा कसा करायचा, हे शोधायला परदेशात जायची गरज नाही. याच गोदावरी खोऱ्यात, नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथेही टेलला पाणी पोहोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांना धरून पाणी वापर संस्था काढल्या. सुरुवात मुद्दाम टेलपासून केली. संस्थेला खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, वाटप शेतकऱ्यांनी करायचं, पट्टी त्यांनीच वसूल करायची. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रात २४ संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आलं. पाणी किती मिळणार हे आधी कळतं, म्हणून पीक त्या हिशोबाने ठरतं. आज तिथे द्राक्षबागा आहेत. पाणी मोजून मिळतं म्हणून कोणी भिकेला लागलं नाही.

आणि फडात जो दोष होता, भूमिहीनाला पाणी नाही, त्यालाही उत्तर दिलं गेलंय. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते खोरं वेगळं, नीरेचं. पण नियम बघा : पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसाच्या मापाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस बंद. किती कडक नियम! पण तो पाळला गेला, कारण तो सगळ्यांना सारखा होता.

सध्या कोकणात वाहून जाणारं पाणी गोदावरीत आणायच्या घोषणा चालू आहेत. येऊ दे. कोणाला नकोय? पण दारणा आलं तेव्हाही पाणी वाढलंच होतं. जायकवाडी झालं तेव्हाही वाढलं. प्रत्येक वेळी वाढलेलं पाणी बारमाही पिकात गुंतलं आणि पुढच्या दुष्काळात तूट होती तिथेच राहिली, ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याच्या पदरात. नियम न बदलता पाणी वाढवलं तर शंभर वर्षांत जे झालं तेच पुढे होईल.

मला काय हवंय, ते तीन ओळींत सांगतो.

एक, १५ ऑक्टोबरचा हिशोब त्याच आठवड्यात जाहीर व्हावा आणि पाणी आपोआप सुटावं. मोर्चा आणि याचिकेची वाट बघू नये. वरच्या शेतकऱ्यालाही रब्बीच्या पेरणीआधी कळू दे की आपल्या वाट्याला किती आहे.

दोन, जायकवाडीत आलेलं पाणी आमच्या चाऱ्यांवर मोजून द्यावं, आणि तुटीच्या वर्षी आवर्तन टेलकडून सुरू करावं. वरच्यांकडे न्याय मागायचा तर आधी तो आपल्या कालव्यावर दाखवावा लागेल.

तीन, धरण किती टक्के भरलंय त्यावरून बारमाही पिकाचं क्षेत्र ठरावं. पंच फड ठरवायचे, तसंच.

यातलं काहीही नवीन नाही. पहिल्याला कायदा आहे, दुसऱ्याला वाघाड आहे, तिसऱ्याला पांझरा आहे.

पुढच्या वेळी तुमच्या गावात कोणी पुढारी "आपल्या हक्काचं पाणी" म्हणून माइक हातात घेईल, मग तो नाशिकचा असो, नगरचा असो की आमच्या परभणीचा, त्याला एवढंच विचारा : भाऊ, हक्काचं पाणी आलं तर ते टेलपर्यंत नेणार का? आणि कमी आलं तर तुमचा ऊस किती एकर कमी करणार?

त्याने आकडा सांगितला तर त्याच्यामागे जा. मीही येतो.

(नाशिक-नगरकडच्या मित्रांनी जरूर लिहा, विरोधात असेल तरी. फक्त आकड्यांवर बोलू. शिव्या नकोत.)